दिवस भरत आले की…
शेवटच्या सहा आठवड्यांत पोटात काय घडतं आणि घराने काय करून ठेवावं

डॉक्टरांनी कार्डावर १७ मे लिहून दिली आहे. परवाच्या सोनोग्राफीच्या कागदावर २६ मे छापून आलंय. आजी बोटांच्या पेरांवर मोजून सांगते, नऊ महिने नऊ दिवस १९ तारखेला भरतात. मग १७ तारीख उजाडते आणि मावळते, काहीच होत नाही. जळगाव असो की धुळे, अशा वेळी घरात एकच विषय असतो. "अजून कळा कशा नाहीत?" सासूबाई काळजीत, नवरा दर तासाला विचारतोय आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला वाटतंय की आपल्यातच काही कमी आहे का?

तिच्यात काहीच कमी नाही. तारखेच्या दिवशीच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात. बाकीची थोडी आधी किंवा थोडी नंतर येतात. पण बाहेरून काही घडत नाही असं वाटतं, तेव्हा आत बरंच काही क्रमाने घडत असतं. तो क्रम समजला की कुठे निवांत थांबायचं आणि कुठे एक मिनिटही थांबायचं नाही, हे ओळखता येतं. शेवटच्या आठवड्यांत सगळ्यात उपयोगी पडणारं ज्ञान हेच.

तीन तारखा, तीन हिशोब

कार्डावरची तारीख येते शेवटच्या पाळीवरून. पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजतात. सोपी रीत अशी: नऊ महिने पुढे जा आणि सात दिवस मिळवा. पाळी १० ऑगस्टला आली असेल तर तारीख १७ मे. ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रांझ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. आजीचा हिशोब आणि नेगेलेचा हिशोब यांत फरक फक्त दोन दिवसांचा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण किती नेमकं होतं, ते यातून दिसतं.

मात्र हा हिशोब धरून चालतो की पाळी दर २८ दिवसांनी येते आणि गर्भ चौदाव्या दिवसाच्या आसपास राहतो. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचा गर्भ आठवडाभर उशिरा राहिलेला असतो. तिची खरी तारीखही तितकीच पुढे जाते.

सोनोग्राफी तारीख मोजत नाही, ती बाळाची लांबी-रुंदी मोजते आणि त्यावरून वय काढते. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या बाळांची वाढ जवळपास सारखी असते. त्यामुळे तेव्हाच्या सोनोग्राफीत चूक निघाली तरी पाच-सात दिवसांची. शेवटच्या महिन्यात कुणी तीन किलोचं, कुणी अडीच किलोचं. या वेळच्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवड्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून ठरलेली तारीख शेवटच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते. त्या तपासणीचा उपयोग वेगळा आहे: बाळाची वाढ, त्याच्याभोवतीचं पाणी, वार कुठे आहे आणि डोकं खाली आहे का, हे पाहण्यासाठी. पहिल्या तिमाहीतला सोनोग्राफीचा कागद म्हणूनच फाइलमध्ये जपून ठेवावा.

३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवडे होईपर्यंत येणारं बाळ वेळेवर आलं असंच म्हणतात. तारीख या पाच आठवड्यांच्या मुदतीत मधे कुठेतरी लावलेली एक खूण आहे.

आतलं बाळ रिकामं बसलेलं नसतं

"नववा लागला, आता बाळ तयारच आहे," असं सहज म्हटलं जातं. पण शेवटच्या पाच-सहा आठवड्यांचं काम मोठं असतं. या काळात बाळाचं वजन आठवड्याला साधारण २०० ग्रॅमने वाढतं. कातडीखाली चरबी साठते आणि जन्मानंतर अंग ऊबदार ठेवायला ती लागते. पस्तिसाव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. उरलेली वाढ याच दिवसांत होते.

फुप्फुसांत एक निसरडा पदार्थ तयार होत असतो. श्वास सोडल्यावर फुप्फुसातल्या इवल्या पिशव्यांच्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत, म्हणून तो हवा. तो पुरेसा नसला की लवकर जन्मलेल्या बाळाला धाप लागते. आईच्या रक्तातली रोगांशी लढणारी प्रथिनं वारेतून बाळाकडे जातात, तीही सर्वाधिक याच आठवड्यांत. पहिल्या सहा महिन्यांना पुरेल एवढं लोह बाळ याच वेळी साठवून घेतं.

म्हणूनच वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी सिझर करू नये, असं प्रसूतिशास्त्र सांगतं. चांगला मुहूर्त आहे किंवा मामांना सुट्टी त्याच आठवड्यात आहे, म्हणून सदतिसाव्या आठवड्यात तारीख मागणारी घरं आहेत. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: ते दोन आठवडे बाळाच्या फुप्फुसांचे आणि मेंदूचे आहेत. रक्तदाब, मधुमेह, वार खाली असणं, बाळाची वाढ खुंटणं अशा कारणांनी डॉक्टर आधीची तारीख सांगतात तेव्हा मात्र ती ऐकायची असते.

पोट उतरतं तेव्हा

पहिलटकरणीच्या बाबतीत प्रसूतीच्या दोन ते चार आठवडे आधी घरातली बाई बघून म्हणते, "पोट उतरलं गं." बाळाचं डोकं कमरेच्या हाडांच्या घेरात शिरलेलं असतं. वरचा दाब कमी होतो, श्वास मोकळा होतो, जळजळ थांबते, चार घास जास्त जातात. खालचा दाब वाढतो, त्यामुळे लघवीला सारखं जावं लागतं, मांड्यांच्या सांध्यात कळ मारते आणि चाल बदलते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला डोकं कळा सुरू झाल्यावरच खाली येऊ शकतं, त्यामुळे पोट उतरलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

या दिवसांत उताणं झोपू नये. भरलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाकडचा रक्तपुरवठा घटतो. कुशीवर झोपावं, डावी कूस अधिक बरी. रात्री जाग आल्यावर आपण पाठीवर वळलेलो दिसलो तर पुन्हा कुशीवर व्हावं, एवढं पुरे.

छातीतून पिवळसर चीक येऊ लागणं, पायांना संध्याकाळी सूज येणं, झोप तुटक होणं हे सगळं या काळात नेहमीचं आहे. सूज चेहऱ्यावर किंवा हातांवर दिसली तर मात्र त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.

बाळाच्या हालचालींबद्दल एक समज फार पसरला आहे: शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ हलायचं थांबतं. हा समज धोक्याचा आहे. हालचालीचा प्रकार बदलतो. उसळीऐवजी वळणं, ढकलणं, रेटणं जाणवतं. पण हालचाल कमी व्हायला नको. शंका आली तर काहीतरी खाऊन कुशीवर पडावं आणि मोजावं. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.

बटव्याची नाडी

गर्भाशय म्हणजे आजीच्या कमरेचा बटवा उलटा टांगला आहे असं समजा. बाळ बटव्यात आणि नाडीने आवळलेलं तोंड खाली. नऊ महिने ही नाडी घट्ट राहते, म्हणून आई उठते, चालते, पाणी भरते तरी बाळ आत सुखरूप असतं. प्रसूतीच्या वेळी दोन गोष्टी व्हाव्या लागतात: आवळलेल्या भागाची चुण्यांची जाड मान आखूड होऊन सपाट व्हावी लागते आणि मग तोंड उघडावं लागतं. पूर्ण उघडलेलं तोंड १० सेंटिमीटरचं असतं.

नाडी एका झटक्यात सुटत नाही. गर्भाशयाचं तोंड ज्या चिवट तंतूंचं बनलेलं असतं ते तंतू शेवटच्या आठवड्यांत सैल पडत जातात, त्यात पाणी मुरतं आणि नाकाच्या शेंड्यासारखा टणक भाग ओठासारखा मऊ होतो. हे काम दुखत नाही, दिसत नाही. तपासणीत डॉक्टर म्हणतात, "तोंड मऊ झालंय, अजून उघडलं नाही." याचा अर्थ काम चालू आहे. तोंडावर बसलेला घट्ट चिकट स्राव एखाद्या दिवशी बाहेर पडतो, त्यात रक्ताची रेघ असू शकते. त्यानंतर कळा काही तासांत येतात किंवा काही दिवसांनीही येतात. पण ताजं लाल रक्त पाळीसारखं जाऊ लागलं तर तो हा स्राव नव्हे. तेव्हा तातडीने निघायचं.

कळा सुरू कोण करतं?

हा प्रश्न वैद्यकाला फार जुना आहे. १९६० च्या दशकात न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स या डॉक्टरांनी मेंढ्यांवर प्रयोग करून दाखवलं की जन्माची वेळ ठरवण्यात कोकराच्याच ग्रंथींचा मोठा वाटा असतो. त्याच कामातून पुढे १९७२ साली एक मोठी गोष्ट हाती आली. दिवस अपुरे असताना प्रसूती होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आज लवकर येणाऱ्या असंख्य बाळांचा जीव या इंजेक्शनांमुळे वाचतो. आठव्या महिन्यात कळा आल्या तर घरी थांबू नये, यामागचं एक मोठं कारण हे.

माणसात ही साखळी गुंतागुंतीची आहे. तिच्यात बाळ, वार आणि आई तिघेही भाग घेतात. गर्भारपणभर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाला शांत ठेवतं. संप्रेरक म्हणजे शरीरात एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दुसऱ्या ठिकाणी निरोप नेणारा पदार्थ. शेवटी शेवटी वारेतून निघणारे निरोप बदलतात आणि प्रोजेस्टेरॉनचा अंमल ढिला पडतो. बाळाच्या तयार होत आलेल्या फुप्फुसांकडूनही खूण मिळते. तोंड मऊ करणारे पदार्थ वाढतात. गर्भाशयाच्या स्नायूवर ऑक्सिटोसिन या कळांच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जागा कितीतरी पटींनी वाढतात. मग तेच ऑक्सिटोसिन, जे आधी फारसं काही करत नव्हतं, आता जोरदार कळा आणतं. डोकं तोंडावर दाबलं जातं, त्या दाबाने आणखी ऑक्सिटोसिन सुटतं, आणखी कळ येते. बाळ बाहेर येईपर्यंत हे चक्र वाढत राहतं.

यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कळा वाढवण्याची सुई घरी कधीच घ्यायची नाही. ती सुई ऑक्सिटोसिनचीच असते. दवाखान्यात ती सलाइनमधून थेंब मोजत, बाळाचे ठोके ऐकत देतात. घरी दंडावर टोचलेली सुई परत काढून घेता येत नाही. कळा बेफाम होतात, बाळ गुदमरतं आणि गर्भाशय फाटूही शकतं.

सरावाच्या कळा आणि खऱ्या कळा

सातव्या-आठव्या महिन्यापासून पोट मधूनच दगडासारखं टणक होतं आणि सैल पडतं. या सरावाच्या कळा. ब्रिटिश डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकांत त्या त्यांच्या नावाने येतात. दिवसभर काम झालं, पाणी कमी प्यायलं, लघवी तुंबली की त्या वाढतात. दोन पेले पाणी पिऊन कुशीवर पडलं की थांबतात.

खरी कळ थांबत नाही. ती बहुधा कमरेतून निघून पुढे ओटीपोटात येते. सुरुवातीला वीस मिनिटांनी, मग दहा, मग पाच. प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा लांब आणि जोरकस. चाललं तरी येते, पडलं तरी येते. कळ चालू असताना पोटावर हात ठेवला तर संपूर्ण गर्भाशय टणक लागतं. मोबाइलवर वेळ लिहून ठेवा: कळ किती वाजता सुरू झाली आणि किती वेळ टिकली. पहिल्या खेपेला आणि दवाखाना जवळ असेल तर दर पाच मिनिटांनी, जवळपास मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सगळं भरभर होतं, म्हणून बरंच आधी निघावं. गाव लांब असेल तर कळा नियमित झाल्या की लगेच.

पाणी जाणं ही वेगळी खूण आहे. कधी भसकन जातं, कधी कपडा ओला राहील एवढंच झिरपतं. कळा नसल्या तरी दवाखान्यात जायचं. निघताना तीन गोष्टी बघून ठेवा: वेळ, रंग आणि वास. पाणी स्वच्छ असेल तर बहुतेक जणींना चोवीस तासांत कळा येतात. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आत शी केलेली असते आणि त्याला त्रास होत असण्याची शक्यता असते. पाण्याबरोबर नाळ बाहेर आलेली दिसली किंवा हाताला लागली तर बाईने गुडघे आणि कोपरांवर ओणवं होऊन कंबर उंच ठेवावी आणि लगेच १०८ ला फोन करावा.

चौकट: यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका

• ताजं लाल रक्त जाणं, दुखत असो वा नसो
• डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर सूज
• झटका येणं किंवा शुद्ध हरपणं
• बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं
• पाणी जाणं, विशेषतः हिरवट किंवा दुर्गंधी असलेलं
• ताप, थंडी
• ३७ आठवड्यांआधी नियमित कळा
• पोट मधल्या वेळात सैलच न होणं, सतत टणक आणि दुखरं राहणं
• तारखेनंतर एक आठवडा उलटणं

रुग्णवाहिका: १०८. गर्भवती आणि बाळंतिणीसाठी: १०२.

तारीख उलटली तर

तारखेनंतरचे पहिले काही दिवस तपासणी करत थांबता येतं. ४१ आठवडे पूर्ण झाले की वारेची क्षमता घटू लागते आणि पाणी कमी होऊ शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसांचा हिशोब पक्का असेल तर ४१ आठवडे झाल्यावर कळा आणाव्यात. तोंड मऊ करणारं औषध किंवा सलाइनमधून ऑक्सिटोसिन देतात. यासाठी भरती व्हायला सांगितलं तर त्याचा अर्थ सिझरच होणार असा नसतो.

खानदेशी ऊन आणि भरलेले दिवस

एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, धुळे इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गर्भारपणात शरीर आधीच जास्त उष्णता तयार करत असतं आणि पोटातलं बाळ आपली उष्णता आईच्या रक्तात सोडून थंड राहतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, लघवीचा जंतुसंसर्ग पटकन होतो, गर्भाशय सारखं आवळायला लागतं. उष्णतेची लाट आणि मुदतीआधीची प्रसूती यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे.

उपाय घरातलेच आहेत. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, नारळपाणी, लिंबूपाणी. रक्तदाब असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं. अकरा ते पाच उन्हात जाऊ नये. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत किंवा कांद्याच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड. म्हणून हा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. शेवटचे सहा आठवडे तिची मजुरी बुडाली तरी चालेल असं घरानेच म्हणायला हवं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, ही खूण तिला माहीत असावी.

काही समज, नीट पाहून

*कमी जेवलं तर बाळ लहान राहतं आणि प्रसूती सोपी होते.* कमी खाल्ल्याने आईची ताकद जाते आणि बाळ अशक्त जन्मतं. प्रसूती अवघड आहे की सोपी, हे डोक्याची ठेवण, कमरेचा घेर आणि कळांचा जोर यांवर ठरतं. भाकरी, डाळ, भाजी, दूध आणि जमत असेल तर अंडी थोडी थोडी चार-पाच वेळा खावीत.

*एरंडेल घेतलं की कळा येतात.* त्याने जुलाब होतात. उन्हाळ्यात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी जाणं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

*ग्रहणात खायचं-प्यायचं नाही, हलायचं नाही.* ग्रहणाचा पोटातल्या बाळावर परिणाम होत नाही. तासन्‌तास उपाशी-तहानलेलं राहण्याचा मात्र होतो. घरच्यांच्या समाधानासाठी ती घरात बसली तरी हरकत नाही, पण पाणी आणि गोळ्या थांबवू नयेत.

रक्त, रक्तदाब आणि सिकलसेल

महाराष्ट्रात माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. देशाचं त्याच काळात ९७ होतं. मोठी वाट चालून झाली आहे. पण ज्या माता जातात त्यांतल्या पुष्कळ जणी रक्तस्राव आणि रक्तदाबाने जातात. या दोन्हींची पूर्वतयारी शेवटच्या आठवड्यांत करता येते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या गर्भवतींपैकी सुमारे ४६ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच ७ आहे तिला प्रसूतीत गेलेलं थोडंसं रक्तही झेपत नाही. त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यात आपलं हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता आणि रक्तदाब किती, हे तीन आकडे बाईला आणि तिच्या नवऱ्याला तोंडपाठ असावेत. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर गेला तर लघवीतली प्रथिनं तपासायला हवीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची खास तपासणी असते, ती चुकवू नये.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलसेल आढळतो. या आजारात लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. अशा बाईला शेवटच्या महिन्यात अंग ठणकण्याचे झटके येऊ शकतात. तिची प्रसूती रक्तपेढी आणि तज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच ठरवावी.

कुठे जायचं, कसं जायचं

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागे तीन उशीर दाखवून दिले: घरात निर्णय व्हायला लागलेला, दवाखान्यापर्यंत पोचायला लागलेला आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला. शिरपूर तालुक्यातलं बोराडी, चोपड्यातलं वैजापूर किंवा साक्रीचा पश्चिम भाग या गावांच्या वरच्या पाड्यांवर दुसरा उशीर फार खरा आहे. पावसाळ्यात नाला भरला की रस्ताच संपतो. म्हणून महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघर योजना राबवली गेली. गर्भवतीने तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि घरची एक बाई. आपल्या भागात अशी सोय आहे का, हे आशाताईला आठव्या महिन्यातच विचारावं. नसेल तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे येऊन राहण्याचा विचार करावा.

सगळं सुरळीत असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रसूती होऊ शकते. आधीचं सिझर, रक्तदाब, जुळं, पायाळू बाळ किंवा कमी हिमोग्लोबिन असेल तर सिझर आणि रक्त दोन्ही मिळेल अशी जागा हवी. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही अशी ठिकाणं. कळा सुरू झाल्यावर जागा शोधायची नसते, ती छत्तिसाव्या आठवड्यात ठरलेली असावी.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, मुक्कामातलं जेवण आणि घर ते दवाखाना ते घर हा प्रवास मोफत आहे. २०११ पासून हा हक्क आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. ती छान आहे, फक्त कार्ड आणि फाइल बाईबरोबर जायला हवी. सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला कळवायला हवं. प्रवास छत्तिसाव्या आठवड्याच्या आधी व्हावा. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा गुजरातेत गेलेल्या कुटुंबांनी तर हे कार्ड जिवापाड जपावं. अनोळखी दवाखान्यात तिची ओळख सांगणारा तोच एक कागद असतो.

दवाखान्यात गेल्यावर

तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ लांबू शकतो. पहिलटकरणीला तर अख्खा दिवसही जाऊ शकतो. त्यापुढे वेग येतो. पहिल्या खेपेला साधारण १२ तासांच्या आत आणि पुढच्या खेपेला १० तासांच्या आत तोंड पूर्ण उघडतं. मग जोर लावायचा टप्पा येतो. तोही पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत लागू शकतो. मधल्या काळात चालावं, कुशी बदलावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने हलकं खावं, पाणी प्यावं. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवायला मुभा दिली आहे. आई, सासू, बहीण, जिच्यामुळे धीर येतो तिला बरोबर घ्या. धीर मिळाला की वेदना सोसायला बळ येतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

बाळ झाल्यावर लगेच आईला ऑक्सिटोसिनची सुई देतात. गर्भाशय आवळून रक्त थांबावं, वार नीट सुटावी म्हणून. कळा आणायला घरी जी सुई धोक्याची, तीच इथे, बाळ बाहेर आल्यावर, जीव वाचवते. नाळ किमान एक मिनिट थांबून कापली की वारेतलं लोहयुक्त रक्त बाळाला मिळतं. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावं. चीक हेच त्याचं पहिलं अन्न, मध आणि साखरपाणी नको.

घराची तयारी

शरीर सहा आठवडे तयारी करतं. घरानेही त्याच वेळात चार गोष्टी करून ठेवाव्यात: दवाखाना ठरवणं, गाडी आणि तिचा नंबर ठरवणं, रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसं ठरवणं आणि मागच्या मुलांची सोय लावणं. एका पिशवीत फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँक पासबुक, सुती कपडे आणि बाळासाठी मऊ धुतलेली वस्त्रं तयार असावीत.

आणखी एक गोष्ट आहे, तिला पैसे लागत नाहीत. पहिला उशीर घरात होतो. "हे शेतावरून येऊ दे, मग बघू", "सासऱ्यांना विचारू", "सकाळी जाऊ" असं म्हणताना जे तास जातात, ते परत येत नाहीत. बाळ कमी हलतंय, डोकं ठणकतंय, काहीतरी वेगळं वाटतंय, हे सगळ्यात आधी तिलाच कळतं. तेव्हा १०८ ला फोन करायचा निर्णय तिचा असावा, फोन आणि थोडे पैसे तिच्या उशाशी असावेत, आणि तिने हाक दिली की कुणीही "खात्री आहे का?" असं विचारू नये. हे छत्तिसावा आठवडा लागेल त्या दिवशीच घरात बसून, तिच्यासमोर, सगळ्यांनी मोठ्याने ठरवावं.